अंगणापुरता उजेड

मराठवाड्यात उन्हाचं कौतुक कुणी करत नाही. मार्च लागला की ऊन ही चुकवायची गोष्ट होते. शेतातली कामं सकाळी उरकायची, दुपारी दारं लोटून घ्यायची आणि दिवस कलला की मग बाहेर पडायचं. मीही असाच वाढलो. आता मात्र दुपारी बारा वाजता पत्र्यावरच्या छोट्या पॅनलकडे नजर जाते आणि वाटतं, आज चांगली कमाई चाललीय. घरामागच्या अंगणात मी तीन लहान सौर दिवे केलेत. ते करताना एका प्रश्नानं मला धरून ठेवलं, तो असा : अंगणाला मुळात किती उजेड लागतो?

आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला चारेक मिनिटं होती. त्या दिवसाबद्दल इथं फार लिहीत नाही. किल्लारी-सास्तूर भागात ज्याला त्याला आपापल्या घरचं माहीत आहे. मला सांगायचंय ते अंधाराबद्दल. जुन्या गावात घरं एकमेकांना खेटून होती. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवद, मधे एक बैलगाडी जेमतेम निघेल एवढी गल्ली. एका घरानं देवळीत चिमणी लावली की समोरच्याचाही उंबरा दिसायचा. त्याच भिंती माणसांवर आल्या. नंतर नवं गाव आखून मिळालं. सरळ रुंद रस्ते, प्रत्येकाला मोकळी जागा, मधे घर आणि भोवती अंगण. हे गरजेचंच होतं. पण उजेड आता शेजाऱ्यापर्यंत पोचेना. न्हाणी आणि संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, मधे कडुनिंब, शेवगा, आईनं लावलेली जास्वंद आणि कर्दळ. दिवसा बघायला छान वाटणारी हीच बाग रात्री ओलांडायची म्हणजे जीव मुठीत. आमच्याकडे विंचू आहे, घोणस आहे, आणि लाईट जायला वेळकाळ लागत नाही.

त्याच १९९३ साली जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी लखलखीत निळा एलईडी करून दाखवला. लाल आणि हिरवे एलईडी आधीपासून होते. अडलं होतं ते निळ्यापाशी. निळा मिळाला आणि त्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या भुकटीचा, लेप बसला, तेव्हा पांढरा उजेड तयार झाला. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच निळ्या दिव्यासाठी. आम्ही ताडपत्रीखाली, वरून पाऊस लागलेला असताना, एका कंदिलाच्या उजेडात घरातली माणसं पुन्हा पुन्हा मोजून घेत होतो, त्या सुमाराला जगाच्या दुसऱ्या टोकाला हे घडत होतं. आज हातात एलईडी घेतला की मला हे आठवतंच.

दिवा करायचं ठरवलं तेव्हा माझ्या डोक्यात मोठा दिवा होता. गल्लीतल्या एका घरावर तसा आहे : खांबावर बसवलेला, पांढराफेक, अर्धी गल्ली उजळणारा. आईला विचारलं, तसा लावू का. ती म्हणाली, “लई लख्ख नको रं. डोळे दिपतेत, मग बाजूच्या अंधारात काहीच दिसत न्हाई. पायापुरतं दिसलं की झालं.”

तिचं म्हणणं शरीरशास्त्राला धरून आहे. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात आणि हा सराव मोडायला एक झगझगीत दिवा पुरतो. शिवाय लख्ख पांढऱ्या उजेडात निळा भाग जास्त असतो, आणि किडे त्याच्याकडे जास्त ओढले जातात. किड्यांमागे पाली आणि बेडूक येतात. बेडकांमागे कोण येतं ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे सापाच्या भीतीनं लावलेला दिवाच सापाचं जेवण अंगणात गोळा करतो.

मग हिशेब उलटीकडून मांडला. आधी पायापुरतं म्हणजे किती? जमिनीवर पडणारा उजेड लक्समध्ये मोजतात, आणि पौर्णिमेचं चांदणं साधारण पाव लक्स भरतं. आभाळ निरभ्र असलं तर त्या चांदण्यात आपण वाट चालू शकतो, पण विंचू आणि वाळकं पान यांतला फरक कळत नाही. चार-पाच लक्स मिळाले तर कळतो. गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली तोंड केलेला दिवा दीडेक मीटर रुंदीचं वर्तुळ उजळतो. दिव्यातून निघणारा एकूण उजेड मोजतात लुमेनमध्ये, आणि त्या वर्तुळात चार-पाच लक्स पाडायला नऊ-दहा लुमेन पुरतात. एका मेणबत्तीचा उजेड बारा लुमेनच्या आसपास असतो. म्हणजे प्रत्येक जागी मेणबत्तीपेक्षाही थोडं कमीच, फक्त ते सगळं जमिनीकडे वळवलेलं. ओसरीच्या पायरीला एक, कडुनिंबाच्या बुडाशी एक आणि न्हाणीच्या दाराला एक, अशा तीन जागा आईनंच दाखवल्या.

चांगला एलईडी एका वॅटला शंभरेक लुमेन सहज देतो. म्हणजे एका दिव्याला वॅटचा दहावा हिस्सा. तिन्ही मिळून ०.३ वॅट, म्हणजे तीनेक व्होल्टला विजेचा प्रवाह १०० मिलीअँपिअर. हा आकडा पहिल्यांदा कागदावर आला तेव्हा मी तो परत परत तपासला, इतका तो लहान होता. मोबाइल चार्ज करताना याच्या दहा-वीस पट प्रवाह जातो, आणि आमच्या अख्ख्या अंगणाची रात्र एवढ्यावर निघणार होती.

पुढचं सगळं या १०० वरून ठरलं. सेल घेतला लिथियम आयर्न फॉस्फेटचा, ज्याला दुकानदार एलएफपी म्हणतात : ३.२ व्होल्ट, ६००० मिलीअँपिअर-तास, हातात भरेल असा जाडजूड. ६००० ला १०० नं भागलं की ६० तास, म्हणजे बारा तासांच्या पाच रात्री. हाच सेल घेण्याला दोन कारणं. लॅपटॉप-मोबाइलमधल्या साध्या लिथियम सेलला पंचेचाळीस अंशांपुढे चार्ज करू नये असं सांगतात. आमच्या मे महिन्यात सावलीतच पारा बेचाळीसच्या पुढे जातो. एलएफपी उन्हाला जास्त सोशिक आणि जास्त सुरक्षित. दुसरं कारण मला फार आवडतं. या सेलचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत ३.२ व्होल्टच्या आसपास टिकून राहतो आणि पांढऱ्या एलईडीला कमी प्रवाहावर पावणेतीन ते तीन व्होल्ट लागतात. दोघांची जोडी अशी जमते की मधे दाब वाढवणारं-कमी करणारं काहीच लागत नाही. प्रत्येक एलईडीला प्रवाह आवरणारा एक छोटा रेझिस्टर दिला की काम झालं. सेल उतरायला लागला की एलईडी आपसूक मंद होत जातो, त्यामुळे सेल पार कोरडा पडायचा धोकाही कमी.

पॅनल सहा व्होल्ट, तीन वॅटचं. चांगल्या उन्हात ते अर्धा अँपिअर देतं. रात्रीचा खर्च १०० मिलीअँपिअर गुणिले बारा तास, म्हणजे १.२ अँपिअर-तास. त्याला अडीच-तीन तासांचं चांगलं ऊन पुरतं. बाकीच्या दिवसाची कमाई मागच्या रात्रींची तूट भरून काढते. भर पावसाळ्यात, आभाळ गच्च भरलेलं असताना, पॅनल दहा-वीस टक्केच देतं. तरी दिवसभर थेंब थेंब जमवून रात्रीचा अर्धा खर्च निघतो आणि उरलेला सेल सोसतो.

असा हिशेब आमच्या भागातल्या माणसाला शिकवावा लागत नाही. २०१५ साली पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. वीज करायलाही पाणी लागतं, हे तेव्हा गावोगाव कळलं. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. त्या उन्हाळ्यात घरोघर घागरी मोजल्या जात होत्या : पिण्याच्या इतक्या, भांड्यांच्या इतक्या, जनावरांच्या इतक्या. अँपिअर-तास मला तसेच दिसतात. आलेले किती, वापरायचे किती, आणि पाहुणे किंवा पाऊस आला तर शिल्लक किती.

उन्हाबद्दलची एक गोष्ट मात्र मला काम करतानाच उमगली. सिलिकॉनच्या पॅनलची शक्ती तापमान वाढलं की घटते. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्के. मे महिन्यात पत्र्यावरचं पॅनल सत्तरीला टेकतं. म्हणजे सरळ सरळ सोळा-अठरा टक्के गेले, आणि तेही ज्या महिन्यात ऊन सगळ्यात जास्त त्या महिन्यात. पण ही घट कुठं होते ते बघावं. घटतो तो व्होल्ट. प्रवाहावर उष्णतेचा परिणाम फारसा होत नाही. आमचा सेल ३.६ व्होल्टला भरतो आणि पॅनल सहाचं आहे. सहाचे पाच झाले तरी सेल भरायला अजून भरपूर अंतर शिल्लक. चार्जिंगच्या साध्या सर्किटमध्ये वरचा व्होल्ट तसाही उष्णता होऊन वाया जातो. उन्हानं त्यातलाच थोडा आधी नेला, एवढंच. वॅट मोजणाऱ्याला हे पॅनल उधळपट्टीचं वाटेल, पण लातूरच्या मे महिन्यात तेच कामाचं आहे. फक्त चार्जिंगचं मॉड्यूल एलएफपीचं, ३.६ ला थांबणारं बघून घ्यावं. बाजारात पटकन हाती येतं ते टीपी ४०५६, आणि ते ४.२ व्होल्टचं, साध्या लिथियमसाठी. या सेलला ते चालत नाही.

रात्र झाली हे दिव्याला कसं कळतं, असं घरी येणारे हमखास विचारतात. वेगळा सेन्सर लावलेला नाही. पॅनल हाच सेन्सर. दिव्यांचं बटण म्हणून एक ट्रान्झिस्टर आहे. पॅनलच्या धन टोकापासून एक रेझिस्टर त्याच्या बेसला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, नेला आहे. पॅनलवर ऊन आहे तोवर ट्रान्झिस्टर बंद. दिवस मावळून पॅनलचा व्होल्ट पडला की तो उघडतो आणि दिवे लागतात. पॅनल आणि सेल यांच्यात वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा एक शॉट्की डायोड आहे, नाहीतर दिवसा भरलेली वीज रात्री उलटी पॅनलमध्ये मुरेल. दिवे खाली आणि पॅनल वर पत्र्यावर असल्यानं दिव्याचा उजेड पॅनलवर पडत नाही. पडला तर दिव्याला वाटतं उजाडलं. तो विझतो, मग अंधार होतो, पुन्हा लागतो, आणि ही लपकझपक रात्रभर चालते.

सामान लातूरला गंजगोलाईच्या आसपास हिंडून आणलं, सगळं मिळून हजाराच्या आत. बाकीचं घरातलं. सेलसाठी चाळीस मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेतला. हा सेल त्यात बरोबर सरकतो. एका टोकाची टोपी सोल्युशननं कायमची चिकटवली. दुसरी नुसती घट्ट बसवून वरून रबर ताणलं, म्हणजे उद्या सेल बदलायचा झाला तर दोन मिनिटांचं काम. ही नळी घराच्या उत्तरेच्या भिंतीला वळचणीखाली टांगली आहे, तिथं ऊन लागत नाही.

तारांसाठी ठिबकची जुनी सोळा मिलिमीटरची नळी वापरली. शेतात बदलून टाकलेल्या नळ्यांची भेंडोळी बांधावर पडलेली असतातच. दोन पदरी तार तिच्यातून ओवून वीतभर खोल पुरली. उघडी तार खार किंवा उंदीर महिनाभरही ठेवत नाही, आणि आईचं खुरपं कुठं चालेल याचा नेम नाही.

आणि दिव्याला टोपण म्हणून स्टीलची वाटी. घरात जोड मोडलेल्या वाट्या होत्याच. वाटीच्या तळाला आतून एलईडीची ॲल्युमिनियमची टिकली चिकटवली, बुडाला बारीक भोक पाडून तार बाहेर काढली आणि ती जागा सिलिकॉननं बुजवली. मग वाटी पालथी करून पाइपच्या खुंटीवर बसवली. एलईडी पिवळसर, ३००० केल्व्हिनचा. संध्याकाळी उजेड येतो तो वाटीच्या कडेखालून, गोल कापल्यासारखा. उभ्या माणसाला दिवा दिसतच नाही, दिसते ती जमीन : मुंग्यांची रांग, निंबोळ्या, कुणाची राहिलेली चप्पल. वाटीमुळे पाऊस आत जात नाही आणि एलईडीची थोडीशी उष्णता स्टीलमधून निघून जाते.

पॅनल किती तिरकं ठेवावं याला आमच्या भागात फार सोपं माप आहे. साधा नियम असा की जेवढा अक्षांश तेवढा उतार, तोंड दक्षिणेला. लातूर साडेअठरा अंशांच्या आसपास. हा कोन म्हणजे जवळपास बरोबर तिनास एक. एक फूट आडवं तर चार इंच उभं. कोनमापक लागत नाही, सुताराची पट्टी पुरते. उत्तर शोधायला मी मोबाइल न वापरता ध्रुव बघितला. आमच्याकडून तो क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर, साडेअठरावर दिसतो. म्हणजे पॅनलचा उतार आणि ध्रुवाची उंची एकच. पॅनलची पाठ ध्रुवाकडे केली की दिशा झाली. हे ज्यानं एकदा स्वतः करून बघितलं त्याला अक्षांश म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. ध्रुव काही फार तेजस्वी तारा नाही आणि आमच्याकडून तो खाली, धुरळ्यात असतो. गल्लीतल्या त्या खांबावरच्या दिव्याखाली उभं राहिलं तर तो सापडतच नाही. आमच्या अंगणातून अजून दिसतो.

मे महिन्याच्या मध्यावर सूर्य आमच्या बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारचा सूर्य आमच्या उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेकडे तोंड केलेल्या पॅनलच्या पाठीशी. मी तरीही ते हलवत नाही. त्या दिवसांत रात्र अकरा तासांचीसुद्धा नसते, आणि मृग लागल्यावर उजेड सगळ्या आभाळातून सारखा झिरपत असतो. डिसेंबरात रात्र तेरा तासांची, पण आभाळ स्वच्छ आणि ऊन पॅनलवर जवळपास समोरून. वर्षाचा ताळा बसतो.

खरी काळजी धुळीची. पावसाळ्यात पॅनल आपोआप धुतलं जातं, उन्हाळ्यात काळ्या रानाची माती बसते, आणि सगळ्यात वाईट काळ म्हणजे सोयाबीनची मळणी. दसरा-दिवाळीच्या दिवसांत गावात मळणीयंत्रं चालू झाली की तो बारीक भुसा पत्र्यावर, कपड्यांवर, पापण्यांवर, सगळीकडे. दव पडलं की तो काचेला चिकटतो आणि मग नुसत्या झटकण्यानं निघत नाही. तेवढे दिवस सकाळी ओलं फडकं फिरवायचं, ऊन चढायच्या आत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. काचेचं पॅनल मी मुद्दाम घेतलं. वरून नुसतं चकचकीत रेझिन ओतलेली छोटी पॅनलं स्वस्त मिळतात, पण आमच्या उन्हात ती पिवळी पडतात, दुधाळ होतात, आणि खालची सिलिकॉनची पट्टी धडधाकट असूनही दिवा उपाशी राहतो.

दुकानातल्या तयार सौर दिव्यांचं मला खरंच वाईट वाटतं. कल्पना इतकी सुरेख असते. एक छोटं पॅनल, १.२ व्होल्टचा एकच सेल, चार पायांची इवलीशी चिप आणि एक इंडक्टर, म्हणजे तारेचं वेटोळं. १.२ व्होल्टवर पांढरा एलईडी लागूच शकत नाही. चिप इंडक्टरमधला प्रवाह सेकंदाला हजारो वेळा जोडते-तोडते आणि प्रत्येक तोडीला उसळणारा व्होल्ट एलईडीला देते. इतकं हुशार सर्किट, आणि त्याला अशा डबीत बसवतात की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत. मग सेल गंजतो आणि सगळा दिवा उकिरड्यावर जातो. मेलेला असतो फक्त सेल.

शेजारचा मुलगा असाच एक दिवा घेऊन आला होता. “काका, ह्यात पाणी गेलंय का बघा की.” चार स्क्रू काढले. सेलच्या टोकाला पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड आली होती, स्प्रिंग गंजून तुटलेली. त्यानंच ब्रशला व्हिनेगर लावून टोकं घासली, नवी स्प्रिंग बसवली, मी सेल दिला. पॅनलवर हात धरला आणि दिवा लागला. त्यानं हात काढला, परत धरला, असं किती तरी वेळ चाललं. मग इंडक्टर बदलून पाहू म्हणाला. मोठ्या आकड्याचा लावला की उजेड कमी होतो आणि सेल जास्त वेळ टिकतो. हे त्याला सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं, “मग पहाटेपर्यंत टिकंल असं करू ना, कशाला लई उजेड?” माझ्या आईचं आणि त्याचं बोलणं झालेलं नव्हतं.

आता त्याला शेतात प्रकाशसापळा करायचा आहे. पहिला वळवाचा पाऊस झाला की पिकाची मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि उजेडाकडे येतात. खाली पाण्याची घमेली, त्यात थोडं रॉकेल, वर दिवा. तिथं मात्र आमचा अंगणाचा सगळा हिशेब उलटा करावा लागेल : एलईडी पिवळा न घेता निळसर पांढरा, वाटी पालथी न ठेवता उजेड चहूकडे मोकळा, आणि रात्रभर न जळता अंधार पडल्यावर दोनेक तासच, कारण उशिरापर्यंत जळला तर पिकाच्या कामाचे किडेही मरतात. दोन तासांसाठी ३०० मिलीअँपिअर धरले तरी रात्रीचा खर्च अर्ध्या अँपिअर-तासाच्या थोडासाच वर, आमच्या अंगणाच्या निम्मा. पॅनल छोटं चालेल. वेळेवर बंद करायला टायमर कुठला घ्यायचा यावर आमचं अजून एकमत नाही. तो म्हणतो सर्किटमध्येच बसवू, मी म्हणतो पहिल्या वर्षी साधं बटण ठेव आणि रोज संध्याकाळी स्वतः जाऊन घमेल्यात काय पडलंय ते बघ.